ठिपकीचं घुंगरू आणि लाल गाडीचं पोट

एक होतं गॅरेज. गॅरेजच्या भिंतीत होतं एक बीळ. बिळात राहायची ठिपकी उंदरी.

केवढी होती ठिपकी? लिंबाएवढी. नाकावर एक पांढरा ठिपका. गळ्यात एक घुंगरू. घुंगरू केवढं? ज्वारीच्या दाण्याएवढं.

ठिपकीच्या आईला दिसायचं कमी. पण ऐकू यायचं छान. छुन छुन वाजलं की तिला कळायचं, ठिपकी कुठे आहे. छुन छुन फार लांब गेलं की ती हाक मारायची, "मागे फीर गं! तिकडे मांजर राहतं!"

एक दिवस गॅरेजमध्ये आली लाल गाडी. चपटी. दोन सीटची. भुर्रकन पळणारी. गाडी होती कुमुदआत्याची.

दौलू मिस्त्रीनं बोल्ट काढले. साखळी ओढली. खडखड! खडखड! लाल बॉडी गेली वर. डब्याचं झाकण उचलावं तशी.

खाली राहिलं गाडीचं पोट.

अय्या! पोटात नळ्या! पोटात तारा! पोटात मोठ्ठी टाकी!

"हे काय? ते काय? त्याच्या खाली काय?" ठिपकी वाकली. अजून वाकली. आणखी थोडी वाकली.

छुन... टण्... गुडूप!

घुंगरू पडलं टाकीखाली. फट एवढीशी. ठिपकीचं नाकसुद्धा जाईना.

तेवढ्यात दौलू मिस्त्री ओरडला, "पाच वाजता बॉडी चढवायची बरं का!"

पाच वाजता? मग घुंगरू आतच राहणार! आईला कसं कळणार, ठिपकी कुठे आहे?

ठिपकी गेली टाकीकडे. तुरुतुरु, टुणुक!

"टाकीकाकू, टाकीकाकू, सरका ना!
घुंगरू मिळेना,
आईला ठिपकी सापडेना!"

टाकीकाकू म्हणाली, "ढब्ब! मी नाही सरकत. पोट रिकामं आहे, तरी नाही सरकत. पट्ट्यानं मला आवळलंय. पट्टा सुटला, तर सरकेन."

ठिपकी गेली पट्ट्याकडे. तुरुतुरु, टुणुक!

"पट्टेमामा, पट्टेमामा, सुटा ना!
टाकी सरकेना,
घुंगरू मिळेना,
आईला ठिपकी सापडेना!"

पट्टेमामा म्हणाले, "मी नाही सुटत. मला नटानं धरलंय. नट फिरला, तर सुटेन."

ठिपकी गेली नटाकडे. तुरुतुरु, टुणुक!

"नटआजोबा, नटआजोबा, फिरा ना!
पट्टा सुटेना,
टाकी सरकेना,
घुंगरू मिळेना,
आईला ठिपकी सापडेना!"

नटआजोबा म्हणाले, "हूं! दहा वर्षं मी इथे बसलोय. मला कुणी उठवलं नाही."

"बसून बसून गंजलात की हो!" ठिपकी म्हणाली.

"मोठ्यांना असं बोलतात? जा. पाना लागला, तर फिरेन."

ठिपकी गेली पान्याकडे. तुरुतुरु, टुणुक!

"पानादादा, पानादादा, लाग ना!
नट फिरेना,
पट्टा सुटेना,
टाकी सरकेना,
घुंगरू मिळेना,
आईला ठिपकी सापडेना!"

पानादादा म्हणाला, "छे छे! कोरड्या नटाला मी नाही लागत. माझं तोंड घसरतं. तेल मुरलं, तर लागेन."

ठिपकी गेली तेलाच्या बुधलीकडे. तुरुतुरु, टुणुक!

"तेलमावशी, तेलमावशी, मुरा ना!
पाना लागेना,
नट फिरेना,
पट्टा सुटेना,
टाकी सरकेना,
घुंगरू मिळेना,
आईला ठिपकी सापडेना!"

तेलमावशी म्हणाली, "कशी मुरू बाई? नटावर गंजाचे पापुद्रे. मी वरच्या वर वाहून जाईन. ब्रशनं घासलं, तर मुरेन."

ठिपकी गेली तारेच्या ब्रशकडे. तुरुतुरु, टुणुक!

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, घासा ना!
तेल मुरेना,
पाना लागेना,
नट फिरेना,
पट्टा सुटेना,
टाकी सरकेना,
घुंगरू मिळेना,
आईला ठिपकी सापडेना!"

ब्रशभाऊंचे केस ताठ. बोलणंही ताठ. ते म्हणाले, "मी आपला आपण घासत नाही. मला हात लागतो. मिस्त्री उठला, तर घासेन."

ठिपकी गेली दौलू मिस्त्रीकडे. तुरुतुरु, टुणुक!

मिस्त्री बसला होता बाकावर. बशीतून चहा पीत होता. फुर्र, फुर्र.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, उठा ना!
ब्रश घासेना,
तेल मुरेना,
पाना लागेना,
नट फिरेना,
पट्टा सुटेना,
टाकी सरकेना,
घुंगरू मिळेना,
आईला ठिपकी सापडेना!"

दौलू मिस्त्री म्हणाला, "मी नाही उठत. मला सांगितलंय काय? बॉडी उतरव. रंग दे. बॉडी चढव. टाकीचं नाव तरी कुणी घेतलं का? सांगितलं तेवढंच करायचं. आमच्या आजोबांपासून हीच रीत!"

"आजोबांकडे लाल गाडी होती?" ठिपकीनं विचारलं.

"छे! बैलगाडी होती."

"तिला बॉडी होती?"

"नव्हती."

"तिला टाकी होती?"

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "फार बोलतेस तू! कुमुदआत्यानं सांगितलं, तर उठेन. नाही तर नाही."

घड्याळ वाजलं. टण् टण् टण्! तीन वाजले.

ठिपकी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुणुक टुणुक टुणुक!

कुमुदआत्या दारात उभी होती. डोळ्यांवर गॉगल. हातात किल्ली. पाच कधी वाजतात, याची वाट बघत.

"कुमुदआत्या, कुमुदआत्या, सांगा ना!
मिस्त्री उठेना,
ब्रश घासेना,
तेल मुरेना,
पाना लागेना,
नट फिरेना,
पट्टा सुटेना,
टाकी सरकेना,
घुंगरू मिळेना,
आईला ठिपकी सापडेना!"

कुमुदआत्यानं गॉगल काढला. ती खाली बसली. अगदी जमिनीवर. मग तिनं विचारलं,

"टाकीखाली अजून काय आहे गं?"

"मला काय माहीत! कुणी बघूच देत नाही!"

"मीसुद्धा कधी बघितलं नाही," आत्या म्हणाली. "गाडी माझी, आणि तिच्या पोटात काय आहे ते मलाच ठाऊक नाही! चल, बघू या. बॉडी उतरलीय तोवरच बघता येईल."

आणि आत्यानं हाक मारली, "ओ दौलू मिस्त्री! टाकी काढायची!"

आत्यानं सांगितलं, मिस्त्री उठला. बशी ठेवली. खण्ण!

मिस्त्री उठला, ब्रश घासू लागला. खर्र खर्र! खर्र खर्र!

ब्रशनं घासलं, तेल पडलं. टिप. टिप. टिप.

"आता फिरवा!" ठिपकी म्हणाली.

"थांब," तेलमावशी म्हणाली. "मला मुरू दे."

मग सगळे थांबले. आत्या थांबली. मिस्त्री थांबला. ठिपकी एका पायावर थांबली. मग दुसऱ्या पायावर. मग शेपटीवर.

"मुरलं?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

"हं. मुरलं!"

तेल मुरलं, पाना लागला. खट्!

पाना लागला, नट फिरला. कुईंऽऽ कुर्र! "अगंऽ, किती मोकळं वाटलं!" नटआजोबा म्हणाले.

नट फिरला, पट्टा सुटला. सट्!

पट्टा सुटला, टाकी सरकली. सर्रर्र... ढब्ब!

टाकी सरकली, आणि कोपऱ्यात काय चमकलं?

छुन!

ठिपकीनं घुंगरू उचललं. गळ्यात घातलं. छुन छुन! छुन छुन!

"अरेच्चा!" दौलू मिस्त्री वाकला. "आणि हे काय?"

टाकीमागे होती पेट्रोलची नळी. नळीला पडली होती चीर. बारीकशी. केसाएवढी.

"आज बॉडी चढवली असती," मिस्त्री हळूच म्हणाला, "तर ही चीर दिसलीच नसती. वाटेत पेट्रोल गळलं असतं."

मग मिस्त्रीनं नवी नळी बसवली. फट्ट! ब्रेकच्या नळ्या पाहिल्या. एक कुजकी निघाली, तीही बदलली. तुटकी तार बदलली. चौकटीवरचा गंज घासला. खर्र खर्र! काळा रंग लावला. सप् सप्! ठिपकी पुढे पुढे आणि मिस्त्री मागे मागे.

"इथे काय?" छुन!

"बघू."

"आणि तिथे काय?" छुन!

"बघू, बघू."

टण् टण् टण् टण् टण्! पाच वाजले.

"चढवायची का बॉडी?" आत्यानं विचारलं.

"छ्या!" मिस्त्री म्हणाला. त्याचं अर्धं अंग गाडीखाली होतं. "रंग वाळायचाय. आणि मी अजून डाव्या चाकामागे बघितलंच नाही!"

आत्या हसली. ठिपकी हसली. उडी मारून निघाली घरी. तुरुतुरु छुन! टुणुक छुन!

बिळाच्या दारात आई उभी होती. कान टवकारून. छुन छुन जवळ आलं. आणखी जवळ आलं. आईनं पटकन ठिपकीला पोटाशी धरलं.

"किती वेळ गं! मी कान देऊन देऊन दमले. होतीस कुठे?"

"लाल गाडीच्या पोटात! आई, घुंगरू पडलं टाकीखाली. आणि टाकीकाकू सरकेचना!"

"का सरकेना?" आईनं विचारलं.

ठिपकीनं आईच्या कुशीत पाय ताणले. मोठ्ठा श्वास घेतला.

"सांगते. नीट ऐक हं..."