पाणमांजर आणि लहरी वारा

डोंगरपठारावरच्या एका जंगलात एक पाणमांजर राहत असे. तळ्याच्या तोंडाशी त्याने पाणचक्की बसवली होती. तिची वीज तारांवरून साऱ्या जंगलात जाई आणि तिच्यावर पक्ष्यांचे उबवणीघर उबदार राही. पण दरवर्षी पावसाळ्याच्या कितीतरी आधी तळे आटे. म्हणून माकडांनी कड्यावर पवनचक्क्या उभारल्या. आधी दोन, मग चांगल्या वीस.

एका दुपारी जोराचा वारा सुटला. पाणचक्कीची वीज होतीच, तीत वाऱ्याची भर पडली. उबवणीघर इतके तापले, की टिटवी पंखांनी अंड्यांना वारा घालत बसली. पाणमांजराने घाईने पाणी अडवायची फळी पाडून आपली चक्की थांबवली, तोच वारा थांबला आणि घर गार पडले. टिटवीचे एक अंडे त्यात गेले. "वाऱ्याचा भरवसा नाही. पवनचक्क्या उतरवा," पाणमांजर म्हणाले. टिटवीकडे पाहून माकडांनीही मान डोलावली.

तिथे एक ससा होता. त्याने विचारले, "पण दादा, वारा येतो कुठून?" पाणमांजराने कड्याकडे बोट दाखवले. ससा कड्यावर चढला आणि उंच घिरट्या घालणाऱ्या घारीला म्हणाला, "घारताई, तुला वारा येताना दिसतो का?" घार म्हणाली, "वारा नाही दिसत. पण आधी पलीकडच्या डोंगरावरचे गवत वाकते, आणि जरा वेळाने वारा इथे पोहोचतो." सशाने कान टवकारले. "आणि पडतो तेव्हा?" "तेव्हाही आधी तिथलेच गवत सरळ होते. मला आजवर कुणी विचारलेच नाही."

दुसऱ्या दिवसापासून घार गवत वाकले की एक हाक देई, सरळ झाले की दोन. पहिल्या हाकेला पाणमांजराने फळी पाडली. वारा यायच्या आधीच चक्की थांबवणे त्याला जड गेले. पण वारा आला आणि उबवणीघर जसे हवे तसेच राहिले. दोन हाका आल्या, तशी त्याने फळी उचलली. आठवड्याने टिटवीच्या उरलेल्या तीन अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. वाऱ्याच्या दिवसांत वाचलेले पाणी त्या वर्षी पावसाळ्यापर्यंत पुरले. तळ्याकाठी बसून पाणमांजर सशाला म्हणाले, "त्या पलीकडच्या डोंगरावरही कुणाची चक्की असेल का रे? चल, विचारून येऊ."

तात्पर्य : नव्याला लहरी म्हणून हाकलण्याआधी त्याची चाल समजून घ्यावी, मग जुने आणि नवे एकमेकांची उणीव भरून काढतात.