टाळूवरची लव

"पण मला दीक्षा का नाही देणार, महाराज?"

सुकुमार मगदूमने विचारलं आणि मान खाली घातली. डोक्यावरची टोपी मात्र त्याने काढली नव्हती.

मंदिराच्या मंडपात, जमलेल्या श्रावक भक्तांसमोर, मुनिमहाराजांचा केशलोच चालला होता. जैन मुनींना वस्तरा वर्ज्य, केस हातानेच उपटायचे. महाराज बोटांना राख लावत, बट धरत, ओढत. केस काळेभोर, दाट. सुकुमार एकेक बट नजरेनं मोजत होता. दात आहेत त्याला चणे नाहीत म्हणतात, ते हेच.

"संसारातनं मन उठलं," तो म्हणाला.

"कशानं?"

"मुलगी बघायला जावं, तर सगळं घर माझं डोकं बघतंय. चार वर्षं सकाळ-संध्याकाळ टाळूला औषध लावतोय. जरा लव आली. लावायचं थांबवलं की तीही जाणार, डॉक्टरच म्हणाले… जन्मभर लावायचं, आणि मिळणार एवढंच. थकलो, महाराज."

तिशी ओलांडलेला थोराड गडी, पण अगदी रडकुंडीला आला होता.

"दीक्षा घेतलीस तर हे करावं लागेल," महाराज राखेकडे बघत म्हणाले.

"माझं काय? उपटायला उरलंय काय!"

"टोपी काढ."

त्याने काढली. महाराजांनी राखेचा हात पुढे केला. बोटं त्या लवेला जेमतेम लागली…

सुकुमार झटकन मागे सरकला. दोन्ही हात डोक्यावर.

"हळू, महाराज! आत्ताच उगवलीय हो ती!"

समोर बसलेल्या श्रावकांपैकी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आपले हात कुठे आहेत ते सुकुमारला कळलं, पण खाली घेववेनात. संसार नाही, आता दीक्षाही नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

"तुमचं बरं आहे," तो कडवटपणे म्हणाला. "उपटलं की सुटलं. तुमच्या हातात आहे."

महाराजांनी मूठ उघडली. उपटलेली बट त्याच्यापुढे धरली.

"हातात असतं, तर दर वेळी हे केस पुन्हा उगवले असते का?"