घोंगड्यांच्या घरातली तीन मांजरं

एकदा काय झालं... थांबा, आधी पाय आत घ्या सगळ्यांनी. आणि ती घोंगडी एकट्याकडे ओढू नकोस रे, ती सगळ्यांना पुरली पाहिजे. हां, आता कसं! तर एकदा काय झालं, माळाच्या कडेला एक वाडी होती. वाडीत सगळी घोंगड्या विणणारी माणसं. दिवसभर खटक खटक माग चालायचे आणि अंगणाअंगणात लोकरीचे ढीग पडलेले असायचे. काळे, पांढरे, करडे.

त्या वाडीत बायजा नावाची एक बाई राहायची. तिचा भाऊ मायाप्पा मागावर बसायचा. मायाप्पाची बायको देवाघरी गेली तेव्हा मागे एक अकरा महिन्यांची पोर राहिली. तिचं नाव हौसा. बायजाचा नवरा आधीच गेलेला, पोटी मूलबाळ नाही. तिनं त्या पोरीला पदराखाली घेतलं ते घेतलंच. पोर तिला आत्या म्हणायची, मग सगळी वाडीच तिला बायजा आत्या म्हणायला लागली.

आता घोंगडीला दोन वैरी असतात बरं का. एक कसर आणि दुसरा उंदीर. कसर म्हणजे लोकर खाणारा इवलासा किडा. दिसत नाही, पण घोंगडीची चाळण करून ठेवतो. आणि उंदीर का येतात? तर घोंगडी कडक यावी म्हणून सुताला चिंचोक्यांची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, भिजत घालायचे, कुटायचे आणि शिजवायचे. अगं बाई, काय तो वास! माझ्या माहेरी शेजारीच माग होता. आम्ही पोरं भाजलेले चिंचोके पळवायचो आणि एकेक चिंचोका गालात धरून संध्याकाळपर्यंत चघळत बसायचो. आता कुठं मिळतंय तसलं काही! तर तोच वास उंदरांनाही आवडायचा. घडी घातलेली कोरी घोंगडी दिसली की कुरतडलीच म्हणून समजा.

म्हणून बायजानं काय केलं? उंदरांसाठी मांजरं पाळली आणि कसरीसाठी धुरी धरली.

मांजरं तीन होती. एक गुलाबराव बोका, गलेलठ्ठ आणि आळशी, मिशा मात्र पाटलासारख्या. दुसरी राखुंडी, राखेच्या रंगाची आणि उंदीर पकडण्यात एक नंबर. आणि तिसरी म्हातारी कवडी. बायजा नवरा गेल्यावर माहेरी परतली, तेव्हा एका हातात लुगड्यांचं बोचकं आणि दुसऱ्या हातात ही कवडी, एवढंच घेऊन आली होती.

आणि धुरी म्हणाल तर बायजाच्या धुरीचं नाव पंचक्रोशीत होतं. दिवेलागण झाली की ती शेणीचा विस्तव खापरात घ्यायची. त्यावर कडुनिंबाचा पाला, ओवा, वावडिंग आणि तंबाखूच्या चार काड्या टाकायची. दारं लावून घ्यायची आणि कोपऱ्याकोपऱ्यात खापर फिरवायची. ही धुरी तिला तिच्या आईनं शिकवलेली. बाया आपली लेकरं घेऊन यायच्या. कुणाचं पोर रडतंय, कुणाचं पोट दुखतंय, बायजा म्हणायची, "आण इकडं, धुरी देते." फार अभिमान होता तिला त्या धुरीचा.

मग काय झालं, हौसाला सहावं वर्ष लागलं आणि तिला खोकला झाला. साधा नव्हे. संध्याकाळ झाली की पोर खोकायला लागायची, धाप लागायची, आणि छातीतून आवाज यायचा गुर्र गुर्र, अगदी मांजर मांडीवर झोपल्यासारखा.

शेजारची तुळसाकाकू आली. तिनं पोरीच्या छातीला कान लावला आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "बायजा, अगं हे मांजरच बोलतंय आतून! मांजराचा केस गेला पोरीच्या छातीत. घालव आधी ती मांजरं."

पोरीपुढं मांजर काय, राज्यसुद्धा ओवाळून टाकलं असतं बायजानं. पण तिन्ही एकदम घालवली तर घोंगड्यांचं काय होणार? म्हणून तिनं ठरवलं, एकेक घालवू. त्या वाडीत मांजराला मारायचं नाही असा दंडक होता. मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणायचे. तेव्हा मांजर पोत्यात घालायचं, तीन गिरक्या घ्यायच्या म्हणजे त्याला वाट आठवत नाही, आणि लांब नेऊन सोडायचं.

पहिली पाळी आली गुलाबरावाची. बायजानं त्याला पोत्यात घातलं, तीन गिरक्या घेतल्या, स्वतःलाच चक्कर आली, आणि ओढ्यापलीकडं गवळ्याच्या वस्तीवर नेऊन सोडलं. आणि काय आश्चर्य! बोका माणसासारखा बोलला!

हसू नका. त्या काळी मांजरं बोलायची. पण एका मांजराला जन्मात एकदाच बोलता यायचं. एकदा बोलून झालं की पुढं नुसतं म्याऊ.

तर गुलाबराव काय म्हणाला? "आत्याबाई, साय कुठं ठेवतात हो इथं?"

घ्या! जन्मात एकदा बोलायचं, तेही या मेल्यानं सायीवर घालवलं. बायजाला हसूही आलं आणि रडूही आलं. ती तशीच घरी परतली.

मग काय झालं, एक मांजर कमी झालं तसे उंदीर जरा धीट झाले. चार घोंगड्यांचे काठ कुरतडले. आता उंदीर घालवायचे कसे? धुरानं उंदीरही पळतील म्हणून बायजानं धुरी वाढवली. आणि पोरीचा खोकलाही वाढला. बायजा म्हणाली, "दोन मांजरं आहेत ना अजून, त्यांचेच केस!"

मग दुसरी पाळी राखुंडीची. पोतं, तीन गिरक्या, आणि दोन कोस लांबच्या गिरणीपाशी बायजानं तिला सोडलं. राखुंडी पोत्यातून बाहेर आली, अंग झटकलं आणि म्हणाली, "आत्या, माझ्या पोटात पिल्लं आहेत गं."

बायजानं तिला परत उचलायला हात पुढं केला. पण डोळ्यापुढं हौसा आली, धापा टाकणारी, घामानं भिजलेली. बायजानं पदर तोंडात कोंबला आणि मागं वळून न बघता घर गाठलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता उंदरांचं राज्य आलं. मागावर नाचायचे, खळीच्या भांड्यात पोहायचे. मायाप्पा म्हणाला, "आक्का, जत्रेला न्यायला एक घोंगडी धड राहायची नाही." मग बायजानं आणखी धुरी केली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि पोर जास्त खोकते म्हणून तिच्या अंथरुणाशी खापर ठेवून वेगळी धुरी. आईनं शिकवलेली धुरी, हजार लेकरांना दिलेली, ती आपल्या लेकराला नाही द्यायची? फार मायेनं द्यायची हो. पण पोर दिवसेंदिवस वाळत चालली. ओठ काळेनिळे पडायला लागले.

आता एकच मांजर उरलं होतं. म्हातारी कवडी.

बायजाला तिला पोत्यात घालवेना. तिनं कवडीला पदरात घेतलं, गिरक्याबिरक्या काही घेतल्या नाहीत, आणि भावाला म्हणाली, "मला उशीर झाला तर धुरी तू घाल. पोरीच्या उशाशी चांगली घाल." मग ती डोंगराच्या खिंडीपर्यंत चालत गेली. सगळी वाट रडत होती.

खिंडीत एक दगड होता. बायजानं कवडीला त्यावर ठेवलं. कवडी काही पळाली नाही. तिनं पंजा चाटला, तोंड पुसलं, कानामागं पुसलं. बायजा म्हणाली, "जा की गं भवाने, का माझा अंत बघतेस?"

तेव्हा कवडी बोलली. म्हणाली, "बायजा, ही पोर दिवसभर अंगणात माझ्या अंगावर लोळते. तेव्हा कधी खोकली का गं ती?"

बस्स, एवढंच. आणि परत पंजा चाटायला लागली.

बायजा तिथंच खाली बसली. आठवायला लागली. अंगणात? नाही खोकली. परवा कवडीच्या पोटावर डोकं ठेवून झोपली होती दुपारभर, तेव्हा? नाही. मग खोकते कधी? आधी नुसती दिवेलागणीला, आता सकाळीही. घरात. दारं लावल्यावर. असं का बरं? बायजानं मान वर केली आणि खाली वाडीकडं पाहिलं. दिवेलागण होत आली होती. घराघरातून चुलीचा बारीक धूर निघत होता. आणि एका घराच्या कौलाकौलातून पांढरा लोट येत होता, एवढा की घरच दिसेना. ते घर तिचं होतं.

जन्मभर ती त्या धुराच्या आत असायची ना? बाहेरून तिनं तो कधी पाहिलाच नव्हता.

मग बायजा जी उठली ती धावत सुटली. ठेच लागली, लुगडं फाटलं, पण ती थांबली नाही. पुढं कवडी आणि मागं बायजा. दार ढकललं तर आत काही दिसेना, नुसती पोरीची घरघर ऐकू येत होती. तिनं चाचपडत हौसाला उचललं आणि अंगणात आणलं. विस्तवाच्या खापरावर घागर ओतली. मायाप्पा घाबरून म्हणाला, "आक्का, तूच सांगितलं होतंस ना घालायला?"

"मीच सांगितलं होतं रे," बायजा म्हणाली. "पळ आता, वैद्याला आण."

पोरीला उभी धरून ती पदरानं वारा घालत बसली. एक श्वास यायचा, मग किती वेळ यायचाच नाही. बायजा म्हणत होती, "घे गं माझे आई, अजून एक घे. अजून एक." अंगणात सगळी वाडी जमली. वैद्यबुवा आले, छाती पाहिली, कसला तरी कढत काढा थेंबथेंब पाजला. मग त्यांनी विचारलं, "हिला धूर कुणी दिला?"

सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. मायाप्पानं तोंड उघडलं, पण बायजानंच सांगितलं. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मी दिला, वैद्यबुवा. रोज दिला. माझ्या हातानं माझ्या लेकराचा श्वास कोंडला मी, आणि नाव मांजरांचं घेतलं."

वैद्यबुवा रागावले नाहीत. म्हणाले, "धूर बंद. खिडक्या उघड्या. मांजरं असू देत, पण पोरीच्या अंथरुणात नकोत, तिची छाती नाजूक आहे. आणि धुतलेल्या गोधडीवर निजव तिला." पहाटेपर्यंत पोरीचा श्वास सरळ झाला. सकाळी तिनं भाकरी मागितली तेव्हा बायजा चुलीपुढं बसून ढसाढसा रडली.

मग बायजा निघाली मांजरं आणायला. राखुंडी गिरणीच्या मागं भुश्यात सापडली, तिच्यासोबत तीन पिल्लं. पहिल्या दिवशी तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी बायजानं नेलेलं दूध प्यायली, पण जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू तोंडात धरून आली आणि बायजाच्या पदरात ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. आणि गुलाबराव? तो कसला येतोय! गवळ्याकडं साय खाऊन पोत्यासारखा फुगला होता. आठ दिवसांनी स्वतःच रमतगमत आला आणि घर आपल्या बापाचं असल्यासारखा उंबऱ्यावर पसरला.

उंदीर गेले. कसरीसाठी बायजा आठवड्याला सगळ्या घोंगड्या उन्हात घालायची, काठीनं बडवायची, घडीघडीत वेखंडाचे तुकडे ठेवायची. खांदे दुखायचे हो तिचे. पण तक्रार नाही केली. आणि लांबून कुणी बाई लेकरू घेऊन धुरी मागायला आली, की बायजा तिला ओट्यावर बसवायची, पाणी द्यायची आणि आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. काही लपवायची नाही. लाज वाटायची, तरी सांगायची. त्या पंचक्रोशीत मग कितीतरी लेकरं मोकळा श्वास घेऊन मोठी झाली.

आणि हौसा? ती धडधाकट झाली, डोंगर चढायला लागली, पुढं मागावरही बसली. मायाप्पाच्या घोंगड्या जत्रेत खपल्या, मांजरांना दूध मिळालं, सगळी सुखानं नांदली. बायजाला मात्र एक सवय लागली ती लागलीच. पोर निजली की तिच्या शेजारी आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि तिचा श्वास ऐकत राहायचं. आत, बाहेर. आत, बाहेर. त्याच्याइतकं गोड बायजाला दुसरं काही लागायचं नाही.

मलाही नाही लागत, बरं का. म्हणून तर रोज तुमच्याआधी झोपत नाही मी. चला, मिटा डोळे. खिडकी उघडीच राहू दे. आता बोलायचं नाही कुणी, मला ऐकू द्या.