राजाची घोडी आणि गिरजाक्काची शाळा

"बंद करा ती शाळा!" सोनटेकडीचे राजे दुर्जयसिंह गरजले.

शाळा भरायची नदीच्या घाटावर. गिरजाक्का कुंभारीण स्वतः ओव्या रचायची आणि परटिणी, माळणी, बुरूड, जो येईल त्याला रचायला शिकवायची. राजकवी वाचस्पतीशास्त्र्यांना हे मुळीच खपत नव्हतं. "महाराज, कवितेला रिठ्याचा वास यायला लागलाय!" अशी त्यांनी तक्रार केली होती.

गिरजाक्काला दरबारात बोलावलं. ती म्हणाली, "महाराज, ज्याला बोलता येतं त्याला ओवी येते. शिकवणारं कुणी हवं, इतकंच!"

"अस्सं? मग मला शिकव! उद्या दिवस मावळायच्या आत माझ्या तोंडून एक ओवी निघाली, तर शाळा राहील. नाहीतर पुन्हा घाटावर पाऊल ठेवायचं नाही!"

दरबारी गालात हसले. राजा पक्का हट्टी. तो मुद्दामच ओवी करणार नाही, हे सगळ्यांना कळलं. गिरजाक्कालाही!

"कबूल," ती म्हणाली. "पण महाराजांनी मुकं बसायचं नाही."

"बोलेन की! हवं तेवढं बोलेन!"

"आणि ओवी झाली की नाही, ते शास्त्रीबुवांनी ठरवायचं."

शास्त्रीबुवा तर खूशच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच राजा शास्त्रीबुवांना घेऊन घाटावर येऊन बसला.

"महाराज, नदी कशी दिसते?"

"ओली."

"आणि आभाळ?"

"वर."

दुपार टळली तरी हेच! येसू परटिणीचे डोळे भरून आले. "अक्का, गेली गं आपली शाळा! लेकीच्या लग्नात स्वतः रचलेली ओवी म्हणणार होते मी."

गिरजाक्कानं नजर वळवली, तर समोर झाडाला राजाची पांढरी घोडी बांधलेली. राजा तिला स्वतःच्या हातानं चारा घालायचा, हे गावभर माहीत होतं.

"बायांनो, महाराजांचं राहू द्या," ती मोठ्यानं म्हणाली. "आपण आपली ओवी रचू. महाराजांच्या घोडीवर! ही चालते कशी? गाभण म्हशीसारखी!"

राजा ताडकन उठला. "म्हैस? अगं, पाऊल टाकते, गवताची काडी मोडत नाही!"

"बरं. पण पाणी बघून थरथर कापते म्हणे?"

"कोण म्हणतं? पूर आला, तरी पाण्याला ती भीत नाही!"

"असेल. धन्याला मात्र ओळखत नाही. चारा दिसला की झालं!"

"खोटं! साफ खोटं! शीळ घातली, की चाऱ्याकडे बघत नाही!"

"अशी कुणाची घोडी असते का, महाराज?"

"असते! अशी माझी बिजली!"

गिरजाक्कानं हात वर केला. येसूनं दगडावर धुणं आपटून ठेका धरला आणि सगळ्या बाया एका सुरात गाऊ लागल्या:

"पाऊल टाकते, गवताची काडी मोडत नाही,
पूर आला, तरी पाण्याला ती भीत नाही,
शीळ घातली, की चाऱ्याकडे बघत नाही,
अशी माझी बिजली!"

राजा आ वासून बघतच राहिला.

"बोला शास्त्रीबुवा!" गिरजाक्का म्हणाली.

शास्त्रीबुवा बोटांवर अक्षरं मोजू लागले. एकदा मोजली, दोनदा मोजली. "तीन चरणांना यमक... चौथा आखूड... महाराज, ओवीच आहे!" मग खाली मान घालून पुटपुटले, "आणि बरी आहे."

"मला फसवलंस!" राजा ओरडला.

"फसवलं कुठे, महाराज? घोडी तुमची, माया तुमची, शब्दही तुमचे. मी नुसती चुकीचं बोलत गेले!"

राजाला हसू आवरेना. पोट धरधरून हसला तो! "शाळा राहील! घाटावर छप्परही बांधून देतो. आणखी काय हवं ते माग!"

"एक नवा विद्यार्थी हवा. महिनाभर."

"कोण?"

गिरजाक्कानं नुसतं शास्त्रीबुवांकडे पाहिलं.

"दिला!" राजा म्हणाला आणि पुन्हा हसत सुटला. शास्त्रीबुवा पागोटं सावरत घाटाच्या पायरीवर बसले.

येसू म्हणाली, "बुवा, जरा सरकून बसा. आणि हे धुणं पिळायला धरा!"