कोंबडीच्या घशाचं माप

माणसांना विषाणू हा शब्दही ठाऊक नव्हता, तेव्हाची गोष्ट. चिंचेवर लटकणाऱ्या एका वटवाघळाच्या घशात चिवटी नावाची विषाणूबाई राहायची. वटवाघूळ कधी आजारी पडत नसे आणि चिवटीच्या कुळाची फारशी भरभराटही होत नसे. पण हक्काचं घर होतं.

खाली खुराड्यात चाळीस कोंबड्या होत्या. चिवटीला मुलांच्या भवितव्याची फार काळजी. घशाला धरून राहायचे त्यांचे आकडे ती कोंबडीच्या घशाच्या मापाने वाकवू लागली.

"अगं, हे पुन्हा सरळ व्हायचे नाहीत," जाऊबाई म्हणाल्या. "पोरं परत आली, तर इथं टिकतील कशी?"

"परत कशाला येतील? तुमच्यासारखं इथंच कुजायचं का त्यांनी?"

वटवाघळाच्या उष्ट्या पेरूतून मुलं खाली गेली. आठ दिवसांत त्यांची लाखो झाली. चिवटी वरूनच जाऊबाईंपुढे मिरवू लागली. नवव्या दिवशी शेवटची कोंबडी मेली, आणि मालकिणीने सगळ्या उचलून ओढ्यात टाकल्या.

तिन्हीसांजेला वटवाघूळ त्याच ओढ्यावर पाणी प्यायलं. घोटाबरोबर चिवटीचा थोरला आत आला. त्याने घशाला आकडा लावला, तो निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला.

"आई, धरवत नाही गं."

"असं कसं? इथं सगळ्यांना येतं," चिवटी ओरडली. "जरा मन लावून धर ना!"

थोरल्याने मन लावलं. पुढच्या घोटासरशी तो पोटात वाहून गेला.

चिवटी जाऊबाईंकडे वळली. म्हणाली, "पहिल्यापासून जरा आळशीच होता तो."