वैद्यांनी नेलेली उशी

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक तरुण आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मला फक्त लहान मुलांची औषधं शिकवा. मोठ्यांची नकोत."

वैद्य हिरडे निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"का रे, मोठी माणसं आजारी पडत नाहीत?"

"पडू देत."

"लिहिता-वाचता येतं?"

"दोन यत्ता झाल्यात. अक्षर ओळखतो. जोडाक्षर आलं की अडतो."

"बरं. आत ये. झाडू त्या कोपऱ्यात आहे."

तरुणाचे नाव भागोजी. त्याची नऊ वर्षांची बहीण गोदा श्रावणात तापाने गेली होती, अवघ्या चार दिवसांत. त्या चार दिवसांत भागोजीने तिचे तळपाय चोळले, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, तिला हसवायला कोंबड्यासारखे आरवूनही दाखवले. वैद्यांना बोलवावे हे चौथ्या दिवशी सुचले, आणि ते वाटेत असतानाच ती गेली. आता घरात आई होती आणि तीन वर्षांचा धाकटा भाऊ. वडील वर्षातले आठ महिने दूर घाटमाथ्यावर कामाला असत. धाकट्याचे नाव यशवंत. परंतु बहीण गेल्यापासून भागोजी त्याला धोंडू म्हणू लागला आणि इतरांनाही तसेच म्हणायला लावू लागला. ज्याचे नाव धोंडा, त्याच्याकडे मृत्यू वळून बघत नाही, असे त्याला कुणीतरी सांगितले होते.

घरातले लहान माणूस एकदा गेले की उरलेल्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. ते झोपले असेल तर नाकाशी बोट धरावेसे वाटते. ते हसले तरी भीती वाटते. भागोजीचे तसेच झाले होते.

गोदाच्या दिवसांना आलेल्या आत्याने त्याला परसात बोलावून हळूच सांगितले होते, "पोराच्या उशीत बिब्बा शिवून टाक. सुई तापवून भोक पाडायचं, काळ्या दोऱ्यात ओवायचा. नजर लागत नाही, काही लागत नाही. पण कुणाला सांगायचं नाही हं, आईलासुद्धा नाही. सांगितलं की त्याचा गुण गेलाच म्हणून समज."

वैद्यांच्या फडताळात बिब्ब्यांची बरणी होती. "हिला एवढ्यात हात लावायचा नाही," असे त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते. "बिब्बा उतला तर कातडी सोलून काढतो. तो शुद्ध कसा करायचा, ते पुढे शिकवीन." भागोजीला ते पटले, पण ते औषधाचे झाले. आपण काही बिब्बा कुटणार नव्हतो की उगाळणार नव्हतो. त्याने एक बिब्बा उचलला, घरी नेऊन तापल्या सुईने ओवला आणि धोंडूच्या उशीला डाव्या कडेने, अभ्र्याच्या आतून शिवून टाकला. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

दहाबारा दिवसांनी धोंडूच्या डाव्या कानामागे लाल चट्टा उठला. पाठोपाठ बारीक पुळ्या आल्या. मूल खाजवू लागले. खाजवून रक्त काढू लागले. आई झोपताना त्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधू लागली, आणि ते फडक्यांतल्या मुठी मानेवर घासत रडू लागले. "दादा, तू खाजव ना. हळू खाजव."

भागोजी त्याला उचलून वैद्यांकडे घेऊन आला. वैद्यांनी शंभर वेळा पाण्यात फेसलेले तूप लावायला दिले. ते तूप भागोजीनेच फेसले. शंभरावर थांबावे हेही त्याला सुचले नाही. दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी चट्टा कानाखाली उतरला होता.

मग त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे केले. एका बिब्ब्याने भागत नसेल म्हणून दुसरा शिवला, उजव्या कडेला. आठवड्याच्या आत उजव्या कानामागेही पुळ्या आल्या.

आत्या पाहायला आली. तिने मुलाची मान वळवून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"वहिनी, ही नागीण गं. दोन्हीकडून निघालीये. तोंडाला शेपूट लागलं की..."

तिने वाक्य पुरे केले नाही. पुरे करण्याची आवश्यकताही नव्हती. शेजाऱ्यांनी आपली मुले अंगणातून हाका मारून परत नेली. आईने चुलीकडे तोंड फिरवले आणि बराच वेळ ती विझलेल्या चुलीत फुंकर घालत राहिली.

त्या दिवसापासून भागोजी रोज सकाळी भावाच्या मानेवर बोटे ठेवून अंतर मोजू लागला. दोन चट्ट्यांच्या मध्ये, मानेच्या मागे, निरोगी कातडी किती उरली आहे? पहिल्या दिवशी चार बोटे बसली. तीन दिवसांनी तीन. मग त्याने तिसरा बिब्बा शिवला, उशीच्या बरोबर मधोमध, आणि पुढच्या सोमवारी तिथे एकच बोट मावले.

वैद्य त्याला दररोज एकच प्रश्न विचारीत असत. "घरात नवं काय आलंय? साबण? तेल? कुणाचा कपडा?"

"काही नाही बुवा."

"अंथरूण? पांघरूण?"

"सगळं जुनंच आहे."

"सकाळी जास्त असतं की संध्याकाळी?"

"सकाळी. संध्याकाळपर्यंत जरा मावळतं."

वैद्य खल पुढे ओढीत. भागोजीला त्यांचा राग येई. औषध बदलत नाहीत, नवे काही देत नाहीत, नुसते विचारत बसतात! म्हाताऱ्याला समजत नसेल तर तसे सांगून तरी टाकावे.

त्या सोमवारी वैद्य काठी टेकीत स्वतः त्याच्या घरी आले. त्यांनी मुलाला तपासले नाही. ते सरळ मुलाच्या अंथरुणावर जाऊन बसले, आजूबाजूला पाहिले, आणि उशी उचलून काखेत मारली.

"ही मी नेतो. मला हल्ली झोप चांगली लागत नाही."

आई गोंधळली. "अहो बुवा, ती मेणचटलीये. चांगली सावरीच्या कापसाची नवी आहे घरात, ती देते की."

"नवी नको. हीच बरी आहे." त्यांनी आपल्या खांद्यावरच्या उपरण्याची घडी केली आणि मुलाच्या उशाशी ठेवली. "पोराला यावर झोपवा. दुसरं काही डोक्याखाली घ्यायचं नाही."

भागोजी दारात आडवा उभा राहिला.

"बुवा, ती नेऊ नका."

"का?"

त्याच्या ओठांवर आले होते. परंतु सांगितले की गुण जातो. आणि मध्ये एकच बोट उरले होते. "रोग लागेल तुम्हाला," तो म्हणाला. "सोडा ती. मी पाया पडतो."

"लागला तर तू आहेसच की औषध द्यायला. एवढं तूप फेसायला शिकलास, ते काय उगाच?"

आणि ते उशी घेऊन गेले.

भागोजीचे पुढचे तीन दिवस कसे गेले, हे ज्याने असे दिवस काढले आहेत त्यालाच कळेल. भावाच्या उशाशी आता काही नव्हते. तो उघडा पडला होता. सकाळी उठल्यावर मान पाहण्याचे धैर्य भागोजीला झाले नाही. तो तोंड फिरवून घराबाहेर पडे, आणि वाटेत कुणी हाक मारली की घरून निरोप आला असे समजून तो पावले झपाझप उचली. दुसऱ्या दिवशी वैद्य अंगणात असताना त्याने फडताळ उघडून बरणीत हात घातला.

"काय हवंय रे?" मागून आवाज आला.

"काही नाही. धूळ पुसत होतो."

"आतून?"

त्याने हात बाहेर काढला. मूठ रिकामी होती. वैद्यांनी फडताळाचे दार लावून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पोहोचला तेव्हा वैद्य त्याच्याकडे पाठ करून ओसरीवर बसले होते. त्यांनी त्याला समोर बसायला सांगितले आणि आपला चेहरा उजेडाकडे वळवला. त्यांच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, लाल चट्टा उठला होता. त्यावर बारीक पुळ्या होत्या.

"आज तुझी परीक्षा," ते म्हणाले. "निदान सांग."

भागोजी म्हणाला, "नागीण."

"नागीण अंगाच्या एकाच बाजूला निघते. तुझ्या भावाला दोन्हीकडून निघालं, त्याच दिवशी मी नागिणीचं नाव सोडलं. आणि तोंडाला शेपूट लागून माणूस मरत नाही, हेही ऐकून ठेव. पुढे सांग."

"मग त्याचाच रोग तुम्हाला लागला."

"त्याला रोज कडेवर घेतोस तू. तुला का नाही लागला?"

भागोजीने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"मी त्याच्या ताटात जेवलो नाही. त्याचा सदरा घातला नाही. त्याचं एकच काहीतरी मी तीन दिवस वापरलं."

आता वैद्यांच्या गालावरची प्रत्येक पुळी भागोजीला स्पष्ट दिसत होती. त्या कशाच्या आहेत हे त्याच्या ध्यानात आले, आणि ध्यानात येताच त्याने दोन्ही हातांनी आपले तोंड झाकून घेतले.

"बुवा, उशीत बिब्बे आहेत."

"किती?"

"तीन. मीच घातले. तुमच्याच बरणीतले."

"भोक पाडून?"

"तापल्या सुईनं." मग त्याला थांबताच येईना. "पहिला घातला तेव्हा त्याला काही नव्हतं. काहीसुद्धा नव्हतं. चट्टा आला म्हणून दुसरा घातला, वाढलं म्हणून तिसरा घातला. मीच ते मानेभोवती नेत होतो आणि मीच बोटं मोजत होतो! तुम्ही विचारत होतात, मी नाही म्हणत होतो. तुम्हाला माहीत होतं तर मला दोन थोबाडीत का नाही मारल्या?"

"माहीत नव्हतं. संशय होता. आणि संशयावरून थोबाडीत मारली असती, तर तू ते उशीतून काढून गोधडीत शिवले असतेस." वैद्यांनी गालाला लावायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला, खाज त्यांनाही सुटली होती. "ऐक. भोकातून त्याचं तेल पाझरलं, मुलाच्या घामानं कापडात मुरलं. शरीराचं निदान एवढंच आहे. आता तुझं. गोदाच्या वेळी तुझ्या हातांना काही करता आलं नाही. म्हणून आता ते स्वस्थ बसत नाहीत. भीती वाटली की काहीतरी शिवतात, आणखी भीती वाटली की आणखी शिवतात. भीती वाटण्यात पाप नाही. पण तू ती माझ्यापासून लपवलीस. रोग्याच्या घरची भीती मला कळली नाही, तर मी अर्ध्याच माणसाला तपासतो."

भागोजी रडत होता. रडतच त्याने विचारले, "गोदालाही मीच काही... त्या चार दिवसांत..."

"नाही," वैद्य म्हणाले. "तिला ताप होता. तुला उशिरा सुचलं, मला पोहोचायला उशीर झाला. ते दुःख आहे, आणि ते तसंच राहील. त्याला माझ्याकडे औषध नाही." मग त्यांनी विचारले, "आज मान पाहिलीस त्याची?"

"नाही. हिंमत झाली नाही."

"मग जा. बघ. आणि आईला सांग."

भागोजी धावत घरी गेला. धोंडू अंगणात उकिडवा बसून मुंग्यांच्या वाटेत काडी आडवी घालत होता. भागोजीने त्याची मान खाली वाकवली. पुळ्या सुकल्या होत्या. कडांना कोरडे पापुद्रे धरले होते. मधल्या जागी त्याने एक बोट ठेवले. मग दुसरे ठेवले. दोन्ही बसली.

"दादा, सोड ना, मुंग्या चालल्या."

आई दारात धान्य पाखडत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने सर्व काही एका दमात सांगून टाकले: आत्या, बरणी, सुई, पहिला, दुसरा, तिसरा. ऐकता ऐकता आईच्या हातातले सूप थांबले. तिने उठून त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. नंतर दुसरा घातला. तिसऱ्या वेळी हात उचलला आणि त्याच हाताने त्याला आपल्याकडे ओढले.

"मला का नाही सांगितलंस रे?"

"तू घाबरली असतीस."

"आणि मी घाबरले नव्हते, होय?" आई म्हणाली. "रोज सकाळी तू त्याच्या मानेवर बोटं ठेवायचास. तू गेलास की मी ठेवायचे."

भागोजीने तिच्याकडे पाहिले. एकाच घरात, एकाच मुलावर, दोघे पाळीपाळीने एकच अंतर मोजत होते, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याशी त्याविषयी एक शब्दही बोलले नव्हते.

ज्यांच्या घरी मूल आजारी आहे, त्यांनी औषधाला हात घालण्यापूर्वी एकमेकांना एवढे तरी विचारावे: तुला कशाची भीती वाटते आहे?