मोहबनाच्या वेशीवरचे दात

त्या रानात सूर्य मावळल्यावर कुणी शुद्धीवर दिसला, तर लोक त्याला आजारी समजत आणि आपुलकीनं तब्येतीची चौकशी करत. मोहबनातल्या खडकांच्या खळग्यांत मोहाची फुलं कुजून, फेसाळून तयारच असत. अस्वल ती दारू पळसाच्या द्रोणांतून वाढायचं. पहिला द्रोण गप्पांचा, दुसरा गाण्याचा. तिसऱ्यानंतर मात्र शिंगं, सुळे आणि नख्या बोलू लागत. सकाळी बनातली मोहवाट इतकी लाल दिसे, की फुलपाखरं फुलं समजून तिच्यावर उतरत.

कवडी नावाच्या हरिणीचा नवरा, फांद्या, याच वाटेनं यायचा. आज शिंगाचं टोक गायब, उद्या मांडी फाटलेली. एकदा तो बरगडीला सुळ्याचं भोक पाडून घेऊन आला, तेव्हा कवडी पाडसासह सभेपुढं जाऊन उभी राहिली.

"मोहाची फुलं वेचून नदीत टाका," ती म्हणाली.

सभापती गवा खाकरला. त्या खाकरण्यालाही मोहाचा वास होता. "वेडी का काय बाई तू! फुलं पाडणं ही झाडाची मर्जी. तिथं सभा काय बोलणार?"

पण वाटेवरचं रक्त सभेलाही नको होतं; पाहुणे नावं ठेवत. शेवटी मोहवाटेच्या तोंडाशी वेस उभी राहिली आणि नियम निघाला: आत जाताना प्रत्येकानं दात, शिंगं, नख्या वेशीवर काढून ठेवाव्यात, परतताना ज्याच्या त्यानं न्याव्यात. राखणीला साळिंदर बसलं. त्याचे काटे काढून घ्यायला मात्र कुणी पुढं झालं नाही.

आणि काय सांगावं, वाट धुतल्यासारखी झाली! बोळक्या तोंडाचा लांडगा बोडक्या डोक्याच्या काळविटाच्या गळ्यात पडून रडू लागला. मारामाऱ्या व्हायच्या, पण गुदगुल्या केल्यासारख्या. गवा भर वाटेत लोळून दाखवायचा. "एक थेंब सापडतो का बघा!"

इतकंच, की परतणाऱ्याला दातांची रास दिसे, आपले कुठले ते दिसत नसे.

"फांद्याभाऊ, हे तुमचेच ना?" साळिंदरानं पहिल्याच पहाटे विचारलं.

"मग काय तुझ्या बापाचे?" फांद्या म्हणाला, आणि समोर आले ते त्यानं तोंडात बसवले. बसलेही असे, की जन्मापासून तिथंच असावेत.

कवडी जाळीतून बघत होती. नवरा धडधाकट येत होता. बरगड्या शाबूत, दोन्ही शिंगं डोक्यावर. तिला हायसं वाटलं. मग तो हसला.

त्या पहाटे पाडसाचा कान फाटला.

दुपारी फांद्या उठला, कानाकडं पाहून हळहळला. "कुठल्या काट्यात शिरला होतास रे?" मग वेशीवर गेला. तिथं लांडगा ओठाला गवताची काडी चिकटलेल्या तोंडानं ताटकळत होता.

"तुमचे चुकून आले हो आमच्याकडं."

"चालायचंच, भाऊ."

दोघांनी मोठ्या अदबीनं अदलाबदल केली. मधल्या वेळात दातांनी काय केलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

कवडी परत सभेत गेली.

"रक्त वाटेवर सांडलं का?" गव्यानं विचारलं.

"नाही. घरी."

"मग ते इथं कशाला आणलंस?"

बाहेर शेजारची भेकरी थांबली होती. तिच्या पाठीवर चार सरळ ओरखडे होते.

"तुझ्याकडं कुणाचे येतात गं?" तिनं हळूच विचारलं.

"लांडग्याचे."

"बरी आहेस. आमच्याकडं बिबट्याच्या नख्या. आणि त्या लांडगीणबाईला विचार, परवा तिच्याकडं रानडुकराचे आले होते."

कवडीनं पाडसाकडं पाहिलं. ते घरच्या दिशेनं पाऊल टाकायला तयार नव्हतं. रानात दात नसलेली जागा आता एकच उरली होती. संध्याकाळी साळिंदरासमोरून ती पाडसाला घेऊन वेशीच्या आत गेली. साळिंदरानं काटे आवरून वाट दिली.

मोसम सरताना शेजारच्या रानातले पाहुणे नियमाची किमया बघायला आले. उजाडताच गव्यानं त्यांना मोहवाटेवर नेलं. वाट लख्ख होती. दोन्ही कडांना, बोळक्या तोंडानं बरळणाऱ्या दारुड्यांच्या पायाशी, पाडसं, पिल्लं, लांडग्याचे बछडेसुद्धा एकमेकांना बिलगून गाढ झोपले होते.

पाहुणे थबकले.

"हळू चाला," गवा कौतुकानं कुजबुजला. "इतकी सुरक्षित वाट, की लेकरं घरी जायचं नावच घेत नाहीत."

लेकरांच्या उशाशी आया ताठ बसल्या होत्या. साऱ्यांचे डोळे आपापल्या घराकडं लागले होते, आणि एकीचीही पापणी लवत नव्हती.